यीस्टला दिलेला ताण

मोठी बांधणी झाली की जाणता ऊस उत्पादक युरियाचे पोते पुन्हा उघडत नाही. उशिरा दिलेल्या नत्राने पिकाला काळोखी येते, ऊस वाढतही राहतो, पण कांडीत साखर भरत नाही आणि उतारा घसरतो. डाळिंबाच्या बागेलाही बहार धरण्याआधी पाणी तोडून ताण देतात. वाढ आणि साठवण यांचे जमत नाही, हे शेतकऱ्याला पुस्तकाबाहेर कळलेले असते. हाच व्यवहार एका पेशीच्या जिवातही चालतो. काही जातींची यीस्ट साखर खाऊन पोटात तेल साठवतात, आणि हे तेल जास्तीत जास्त मिळावे म्हणून त्यांना कोणत्या परिस्थितीत वाढवावे यावर जगभर संशोधन चालू आहे. या संशोधनाचे निष्कर्ष वाचताना एक प्रश्न वारंवार समोर येतो: तेलासाठी सर्वांत अनुकूल परिस्थिती कोणती? माझ्या मते प्रश्नाची मांडणीच चुकते. अशी एक परिस्थिती नाही. यीस्टच्या वाढीला लागते ती परिस्थिती वेगळी आणि तेलाला लागते ती तिच्या उलटी. एकीतून दुसरीत कधी आणि कसे जायचे, यावरच सगळे अवलंबून आहे.

पावात, ताडीत आणि इथेनॉलच्या कारखान्यात काम करणारे नेहमीचे यीस्ट, म्हणजे सॅकॅरोमायसेस सेरेव्हिसी, या कामाचे नाही. त्याच्या कोरड्या वजनात चरबी दहा टक्क्यांच्या आतच राहते. ज्या सूक्ष्मजीवांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या वर जाते त्यांना तेलधारी म्हणण्याचा प्रघात आहे. यारोविया लायपोलिटिका, ऱ्होडोटोरुला टोरुलॉइडिस, लायपोमायसेस स्टार्केई, क्युटेनिओट्रायकोस्पोरॉन ओलिअजिनोसस ही त्यांतली नावाजलेली मंडळी. यांतली काही योग्य वेळी ६० ते ७० टक्क्यांपर्यंत पोचतात. सूक्ष्मदर्शकाखाली अशी पेशी पाहिली तर तेलाच्या थेंबांनी ती जवळजवळ भरून गेलेली दिसते. हे तेल काही वेगळ्या कुळातले नाही. शेंगदाण्यात आणि सरकीत असतात तशीच ही ट्रायग्लिसराइडे असतात. त्यांत ओलेइक आणि पामिटिक आम्लांचा भरणा मोठा, म्हणून त्यांची तुलना नेहमी पामतेलाशी होते. कल्पनाही नवी नाही. पहिल्या महायुद्धात चरबीचा तुटवडा पडलेल्या जर्मनीत पॉल लिंडनर यांनी एन्डोमायसेस वर्नालिस या यीस्टसदृश बुरशीपासून चरबी मिळवण्याचा प्रयत्न केला होता. तेव्हा चरबी तयार होते एवढे ठाऊक होते. का तयार होते, हे कळायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

ते कळण्यात इंग्लंडमधील हल विद्यापीठाचे कॉलिन रॅटलेज यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. पेशीला नवे प्रथिन आणि नवी जनुकद्रव्ये बांधायला नत्र लागते. भोवतालचे नत्र संपले की नवी पेशी जन्मू शकत नाही, पण साखर तर अजून भरपूर असते आणि ती आत येतच राहते. अशा वेळी तेलधारी यीस्ट एक विशेष युक्ती करते. आपल्याच एएमपी नावाच्या रेणूतून अमोनिया सोडवून घेण्याची तिची क्रिया वाढते आणि पेशीतले एएमपी झपाट्याने उतरते. मायटोकॉन्ड्रियात सायट्रिक आम्लाच्या चक्राला पुढे रेटणारे एक विकर नेमके याच एएमपीवर अवलंबून असते. ते थंडावते आणि चक्र अडते. तुंबलेले सायट्रेट मायटोकॉन्ड्रियाबाहेर पडते. तिथे एटीपी सायट्रेट लायेज हे विकर त्याचे तुकडे करून अॅसिटिल कोएन्झाइम ए मोकळे करते, आणि चरबीच्या साखळ्या विणायला लागणारा कच्चा माल तोच. सॅकॅरोमायसेसकडे हे विकर नाही, म्हणून तिला कितीही उपाशी ठेवले तरी तेल साठत नाही. साखळी विणताना लागणारी हायड्रोजनची ऊर्जा मॅलिक विकराकडून येते, असे रॅटलेज यांचे मत होते. यारोवियापुरते ते टिकले नाही. तिथे हा पुरवठा मुख्यत्वे पेन्टोज फॉस्फेट मार्गातून होतो असे कर्बाच्या अणूंचा माग काढल्यावर दिसले. पण मूळ चित्र कायम राहिले: साखर मुबलक आणि नत्र खुंटलेले असले की वाढीचा रस्ता बंद होतो आणि माल तेलाकडे वळतो.

यातून अनेकांनी जो निष्कर्ष काढला तो सरळ वाटतो. नत्र कमी केले की तेल वाढते, तर नत्र आणखी कमी करा. कंपोस्टच्या ढिगामुळे आपल्याकडे परिचित असलेले कर्ब-नत्र गुणोत्तर इथेही वापरतात. नुसत्या वाढीसाठी ते दहाच्या आसपास पुरते. तेलासाठी ते ६० ते १०० ठेवा, असे अनेक शोधनिबंध सांगतात. हा आकडा प्रत्यक्षात काय करतो हे पाहायला थोडा अंदाजी हिशेब करू. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ४० ग्रॅम कर्ब. गुणोत्तर १० हवे असेल तर ४ ग्रॅम नत्र, म्हणजे सुमारे १९ ग्रॅम अमोनियम सल्फेट द्यावे लागेल. गुणोत्तर ६० हवे असेल तर अमोनियम सल्फेट जेमतेम ३ ग्रॅम. तेल वगळून यीस्टच्या कोरड्या शरीरात साधारण ८ ते १० टक्के नत्र असते. तेव्हा ३ ग्रॅम अमोनियम सल्फेटातल्या नत्रावर लिटरमागे फार तर सात-आठ ग्रॅम यीस्ट उभे राहते. पंधराएक ग्रॅम साखर त्यात गेली; उरलेल्या ८५ ग्रॅमचे तेल एवढ्याशा पेशींनी करायचे. त्या करतात, पण रेंगाळत करतात. त्यांनी पोटात ६० टक्के तेल भरले तरी लिटरमागे हाती येते ते अकरा ग्रॅम. उलट नत्र थोडे सढळ ठेवून आधी २० ग्रॅम शरीर उभे केले आणि त्यात ४० टक्केच तेल भरले, तर तेल १३ ग्रॅम मिळते, साखर संपूर्ण वापरली जाते आणि कामाला हात जास्त असल्याने वेळही कमी लागतो. साठ टक्क्यांची बातमी होते, तेल मात्र चाळीस टक्क्यांकडून जास्त मिळते. शिवाय ताण फार कडक झाला की यारोवियासारखे यीस्ट तुंबलेले सायट्रेट तेलात न वळवता सरळ बाहेर टाकते. सायट्रिक आम्ल मिळवण्यासाठी हाच गुण वापरतात, पण ज्याला तेल हवे आहे त्याच्या दृष्टीने ती साखर गटारात गेली.

म्हणून तेलाची टक्केवारी हे यशाचे माप नव्हे, असे मी आग्रहाने म्हणतो. मापे तीन असावीत: लिटरमागे किती ग्रॅम तेल, तासामागे किती, आणि एक किलो साखरेतून किती. ही तिन्ही एकत्र साधायची असतील तर एकाच ठरावीक मिश्रणात यीस्ट टाकून वाट पाहण्याची पद्धत अपुरी पडते. आधी नत्र, स्फुरद, हवा सगळे सढळ हाताने द्यायचे आणि पेशींची गर्दी करून घ्यायची. मग नत्र संपू द्यायचे आणि साखर मात्र थोडीथोडी, ठिबकाने पाणी द्यावे तशी, सोडत राहायची. सगळी साखर एकदम ओतली तर दाट पाकात पेशींना श्वास घेणे जड जाते. ठिबकाने दिली तर त्यांना कधी आधिक्य होत नाही आणि कधी खंडही पडत नाही. चीनमधील दालियन येथील संशोधकांनी २००७ मध्ये ऱ्होडोटोरुला टोरुलॉइडिसवर (तेव्हा तिचे नाव ऱ्होडोस्पोरिडियम होते) याच पद्धतीने जे मिळवले ते आजही उदाहरण म्हणून दिले जाते: लिटरमागे १०६.५ ग्रॅम कोरडे यीस्ट, त्यात ६७.५ टक्के तेल, आणि दर लिटरला तासाला ०.५४ ग्रॅम तेलाचा वेग. टक्केवारी इथेही मोठी आहे, पण तिच्यामागे शंभर ग्रॅमांहून अधिक पेशी उभ्या आहेत हे विसरू नये. शेवटही वेळेवर व्हावा लागतो. साखर संपली आणि पेशी तशाच फिरत राहिल्या तर त्या साठवलेले तेल स्वतःच खाऊ लागतात. तेल यीस्टसाठी अडचणीच्या दिवसांची बेगमी आहे. आपण ती काढून घेतली नाही तर ती तिच्यासाठीच खर्च होणार.

आता ज्या बाबींवर शोधनिबंधांची बरीच पाने खर्च होतात त्यांकडे येऊ: आम्लता, तापमान आणि हवा. तापमानाचे थोडक्यात सांगता येते. बहुतेक तेलधारी यीस्टना २८ ते ३० अंश मानवते. त्याहून थंड ठेवले तर तेलात असंपृक्त आम्लांचा वाटा वाढतो, कारण थंडीत पेशीचे पटल लवचिक ठेवावे लागते. आम्लतेचे मात्र सावधपणे वाचले पाहिजे. सामू साडेपाच ते सहा उत्तम, असे वाक्य सहज लिहिले जाते. पण अमोनियम सल्फेटातला अमोनिया पेशीने उचलला की द्रवात आम्ल मागे राहते आणि सामू आपोआप घसरत जातो. हलत्या मंचावर ठेवलेल्या काचेच्या चंबूत तो कोणी सतत दुरुस्त करत नाही. तेव्हा सहाच्या सामूवर प्रयोग केला याचा अर्थ पुष्कळदा सहावर सुरू केला एवढाच असतो. हवेचे तर याहून बिकट. हे यीस्ट दारू गाळत नाही, ते प्राणवायूवर जगते, आणि ३० अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच विरघळतो. साखर लिटरमागे शंभर ग्रॅम विरघळू शकते, प्राणवायू तिच्या दहा हजाराव्या भागाइतकाही नाही. पेशी दाट झाल्या की हा साठा काही सेकंदांत संपतो आणि हवा अखंड फुंकावी व घुसळावी लागते. चंबूत असा दाटपणा सहसा येत नाही, म्हणून तिथे हवेचा प्रश्न एवढा दिसत नाही. एकेक घटक बदलून, किंवा बॉक्स आणि विल्सन यांच्या संख्याशास्त्रीय पद्धतीने अनेक घटक एकदम बदलून काढलेले ‘सर्वोत्तम’ आकडे अशा चंबूंतले असतील, तर ते त्या चंबूसाठी सर्वोत्तम असतात. मोठ्या फर्मेंटरमध्ये (किण्वनाच्या टाकीत) ते जसेच्या तसे लागू पडतील असे मानायला आधार नाही. त्या प्रयोगांचा उपयोग जाती निवडायला होतो, आणि तेवढ्यासाठी ते जरूर करावेत.

यावर एक सबळ आक्षेप आहे. जनुकांत बदल करून यीस्टलाच असे घडवता येते की तिला ताणाची गरजच उरू नये; मग परिस्थिती जुळवण्याची ही कसरत कशाला? या क्षेत्रातील प्रगती खरोखर मोठी आहे. टेक्सास विद्यापीठातील गटाने २०१४ मध्ये यारोवियाच्या पेशीत कोरड्या वजनाच्या ९० टक्क्यांच्या आसपास तेल साठवून दाखवले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील गटाने २०१७ मध्ये हायड्रोजनचा पुरवठा सुधारून लिटरमागे सुमारे ९९ ग्रॅम आणि तासाला १.२ ग्रॅम एवढी मजल मारली. पण हे आकडे हाती आले ते साखर, नत्र आणि हवा यांवर बारीक लक्ष ठेवलेल्या फर्मेंटरमध्ये. सुधारित जात क्षमता वाढवते; ती क्षमता वापरात आणायची तर व्यवस्थापन लागतेच. उसाची नवी जात आणली म्हणून पाण्याचे आणि खताचे वेळापत्रक फेकून देता येत नाही, तसेच हे. आणि एक मर्यादा कोणत्याही जनुकाला ओलांडता येत नाही. सहा कर्बांच्या ग्लुकोजमधून चरबीचा कच्चा माल होताना दोन कर्ब कार्बन डायऑक्साइड बनून उडून जातात. उरलेल्यातला बहुतेक प्राणवायूही चरबीत राहत नाही. या मार्गाच्या हिशेबाने शंभर ग्रॅम ग्लुकोजमधून ३२ ग्रॅमच्या आसपास तेल, यापुढे जाताच येत नाही. नैसर्गिक जातींत चांगला निकाल म्हणजे २० ते २२ ग्रॅम. २०१७ च्या त्या सुधारित जातीत २७.

दुसरा आक्षेप ताणाच्या सिद्धान्तावरच आहे. यीस्टला साखरेऐवजी तेलकट टाकाऊ पदार्थ खायला घातले तर नत्र तोडण्याची गरज पडत नाही. ते वाढता वाढताच तेल साठवते. हे खरे आहे, आणि त्याचे एक उदाहरण आपल्या किनाऱ्यावरचे आहे. मुंबईजवळच्या तेलाने दूषित समुद्राच्या पाण्यातून यारोविया लायपोलिटिकाची एक जात वेगळी केली गेली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीव संग्रहात ती एनसीआयएम ३५८९ या क्रमांकाने जपलेली आहे. पुणे विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये तिच्या तेलाची बायोडिझेलसाठी पारख करताना तिला वापरून झालेले तळणाचे तेलही खाऊ घातले. पण अशा वेळी यीस्ट बाहेरचे तेल आत घेऊन त्याला नवे रूप देते. साखरेतून नवे तेल घडवत नाही. टाकाऊ तेलाची विल्हेवाट लावायला किंवा त्याचा दर्जा बदलायला हा मार्ग उपयोगी आहे. तेलाचा एकूण साठा त्याने वाढत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. शंभर ग्रॅम साखरेतून बावीस ग्रॅम तेल म्हणजे एक किलो तेलासाठी साडेचार किलो साखर. वर घुसळण्याची वीज, तासन्‌तास फर्मेंटर गार ठेवण्याचा खर्च आणि जाड भिंतीच्या पेशी फोडून तेल काढण्याची यातायात. बाजारातील साखर वापरून पामतेलाशी स्पर्धा होऊच शकत नाही. यावर ठरलेले उत्तर येते: साखर कशाला, टाकाऊ माल वापरा. चीज करताना उरणाऱ्या निवळीत चारपाच टक्के लॅक्टोज असते, आणि क्युटेनिओट्रायकोस्पोरॉन हे यीस्ट अमेरिकेतील आयोवात १९७० च्या दशकात दुग्धव्यवसायातूनच हाती लागले. बायोडिझेलच्या कारखान्यात तेलाच्या दहा टक्के ग्लिसरॉल उरते. बगॅस आणि पाचट फोडून मिळणाऱ्या साखरेत झायलोज मोठ्या प्रमाणात असते. सॅकॅरोमायसेसला ती पचत नाही, ऱ्होडोटोरुला आणि लायपोमायसेस यांना पचते. उत्तर चांगले आहे, अर्धवट मात्र आहे. बगॅसला टाकाऊ म्हणणाऱ्याने महाराष्ट्रातल्या कुठल्याही साखर कारखान्याचे बॉयलर पाहावेत. ती तिथे वाफ आणि वीज देते, तिला किंमत आहे. आम्ल आणि उष्णतेने ती फोडताना फरफ्युरल आणि अॅसेटिक आम्ल सुटते व त्याने पेशी माना टाकतात. निवळीत प्रथिने असल्याने नत्राचा ताण देणेच अवघड होते. इथे एक निष्कर्ष फार मोलाचा आहे. दालियनच्याच गटाने दाखवले की ताण नत्राचाच हवा असे नाही: नत्र भरपूर असतानाही स्फुरद किंवा गंधक तोडले तर ऱ्होडोटोरुला तेल साठवते. टाकाऊ माल वापरायचा असेल तर त्यात काय कमी आहे हे आधी मोजावे आणि त्याच घटकाचा ताण द्यावा, ही दिशा मला कर्ब-नत्राचा एकच आकडा धरून बसण्यापेक्षा कितीतरी फलदायी वाटते.

तरीही यीस्टच्या तेलाने आपली खाद्यतेलाची आयात थांबेल, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. भारत वर्षाला दीड कोटी टनांच्या आसपास खाद्यतेल बाहेरून आणतो. तेवढे तेल यीस्टकडून करून घ्यायचे तर साडेचार पटीने, म्हणजे जवळजवळ सात कोटी टन साखर लागेल. देशात वर्षाला साखर होते ती तीन कोटी टनांच्या आसपास. यीस्टची जागा वेगळी आहे. न्यूझीलंडमध्ये १९८० च्या दशकात निवळीवर यीस्ट वाढवून कोको बटरसारखी चरबी मिळवण्याचे प्रयत्न झाले, कारण कोको बटर महाग. ड्युपाँटने यारोवियाची जनुके बदलून तिच्याकडून इपीए हे ओमेगा-३ आम्ल करून घेतले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीप्रमाणे ते कोरड्या वजनाच्या १५ टक्के होते. चिलीत वाढवल्या जाणाऱ्या सामन माशांना ते यीस्ट खाद्यातून तसेच चारले गेले, म्हणजे तेल काढण्याचा खर्चही टळला. समुद्रातले छोटे मासे मारून मिळवावे लागणारे तेल टाकीत तयार होत असेल, तर साडेचार किलो साखरेचा व्यवहार परवडू शकतो. महाराष्ट्रात सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, किण्वन जाणणारी माणसे आहेत, साखर कारखान्यांचे जाळे आहे. इथल्या प्रयोगशाळांनी चंबूतल्या टक्केवारीत न अडकता फर्मेंटरमधले ग्रॅम, तास आणि साखरेचा उतारा हे तीन आकडे प्रत्येक निबंधात छापावेत, आणि संशोधनाला पैसा देणाऱ्यांनी ते मागावेत. २०१७ च्या त्या सुधारित जातीलाही एक किलो तेलासाठी पावणेचार किलो साखर लागली.